गॅलेना ओळखायचे कसे: चाचण्यांचा योग्य क्रम आणि नेहमीच्या चुका

चमकदार करडा दगड हाती आला की बहुतेक जण आधी त्याची चमक बघतात. मग चाकूने ओरखडतात, मग कुणीतरी संडास धुण्याचे ॲसिड आणून त्यावर ओततो, आणि वजनाकडे लक्ष जाते ते सगळ्यात शेवटी. गॅलेनाच्या बाबतीत हा क्रम पूर्ण उलटा आहे. चमक सर्वांत कमी सांगते, वजन सर्वांत जास्त, आणि ॲसिडची बाटली तर घरात उघडायचीच नाही. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसणारे भूशास्त्राचे विद्यार्थी, दगड जमवणारे हौशी आणि ‘चांदीचा दगड’ म्हणून काहीतरी विकत घेतलेले लोक, सगळ्यांची गाडी इथेच घसरते. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. मधला टप्पा गाळू नका.

गॅलेना म्हणजे शिशाचे सल्फाइड. शुद्ध खनिजात वजनाने ८६.६ टक्के शिसे आणि १३.४ टक्के गंधक असते. खाणीतून निघणारे बहुतेक शिसे याच खनिजापासून मिळते. ओळखीचे तीन खांब लक्षात ठेवा: विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच घनफळाच्या पाण्याच्या किती पट जड ते) ७.४ ते ७.६, एकमेकांशी काटकोन करणाऱ्या तीन दिशांचे उत्कृष्ट पाटन (ठराविक दिशांना सपाट फुटणे), आणि शिशासारखा करडा कस (घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग). हे तिन्ही जुळले तरच गॅलेना म्हणायचे. दोनच जुळले तर अजून काम बाकी आहे.

टप्पा १: आधी जागा, मग दगड

तयारी आधी सांगतो, कारण चाचणीत चूक झाली तर चाचणी परत करता येते. सांडलेली शिशाची भुकटी मात्र घरात कुठे कुठे गेली ते नंतर शोधता येत नाही. अखंड दगड दोन मिनिटे हातात धरल्याने काही होत नाही, फक्त नंतर हात साबणाने धुवायचे. धोका भुकटीचा आहे. ती नाकातोंडावाटे शरीरात जाते, आणि लहान मुले जमिनीवर रांगतात, हात तोंडात घालतात. शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना या कामापासून पूर्ण लांब ठेवा.

लागणारे सामान साधे आहे:

- नायट्राइलचे हातमोजे, जुने वर्तमानपत्र, पाण्याची फवारणी बाटली, टिश्यू पेपर
- दहा पट दाखवणारे भिंग
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा
- काचेचा किंवा प्लास्टिकचा पेला, शिवणाचा दोरा
- चकाकी नसलेल्या चिनी मातीचा तुकडा, म्हणजे स्ट्रीक प्लेट. ती नसेल तर पांढऱ्या टाइलची मागची खरखरीत बाजू
- तांब्याच्या तारेचा तुकडा, स्टीलचा खिळा, लोहचुंबक
- झाकणाची डबी आणि जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या

टेबलावर वर्तमानपत्राचे दोन-तीन थर पसरा आणि वरचा थर फवारून ओलसर करा. पंखा बंद ठेवा. जागा स्वयंपाकघर सोडून कुठलीही चालेल, गॅलरी उत्तम.

सावध: या कामाला वापरलेला पेला आणि काटा परत स्वयंपाकघरात जाणार नाही. घरचा पीठ मोजायचा काटा ‘फक्त एकदाच’ म्हणून आणू नका.

टप्पा २: दगड कुठला, हे विचारा

हा टप्पा बिनखर्चाचा आहे, म्हणूनच लोक तो गाळतात. दगड कुठून आला हे कळले की अर्ध्या शक्यता आपोआप गळून पडतात.

भारतात शिसे-जस्ताच्या खनिजांचे मुख्य साठे राजस्थानात आहेत: उदयपूरजवळचे झावर, भिलवाडा जिल्ह्यातले रामपुरा-आगुचा, राजसमंद जिल्ह्यातले राजपुरा-दरिबा आणि सिंदेसर खुर्द. ओडिशातल्या सुंदरगढ जिल्ह्यातले सरगीपल्ली आणि आंध्र प्रदेशातला अग्निगुंडाला पट्टाही शिशासाठी माहीत आहे. या ठिकाणी गॅलेना एकटे नसते. सोबत स्फॅलेराइट हे जस्ताचे खनिज हमखास असते, आणि पायराइट (लोखंडाचे सल्फाइड), चॅल्कोपायराइट (तांबे-लोखंडाचे सल्फाइड), कॅल्साइट, डोलोमाइट, क्वार्ट्झ हेही असतात. झावरचे गॅलेना डोलोमाइटात बसलेले असते. आगुचाचे खडक ग्रॅफाइटयुक्त (पेन्सिलीत असतो तो काळा पदार्थ असलेले) आहेत, आणि त्यामुळे होणारा घोळ पुढे सांगितला आहे.

आता महाराष्ट्राचे बघू. सह्याद्रीतला, पुण्या-नाशकाकडचा, मराठवाड्यातला काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. त्यात झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ यांचे सुंदर स्फटिक सापडतात, पण तिथल्या विहिरीच्या खोदकामात निघालेला चमकदार दगड गॅलेना असण्याची शक्यता फारच कमी. नागपूर-भंडारा पट्ट्यातून आलेला जड काळा-करडा दगड असेल तर आधी मँगनीजच्या धातुकाचा (ज्यातून धातू काढतात त्या खनिजाचा) विचार करा. मनसर, गुमगाव, डोंगरी बुजुर्ग इथल्या खाणी मँगनीजच्या आहेत. रेडी, गोवा किंवा गडचिरोलीतल्या सुरजागडचा दगड असेल तर आधी हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचे धातुक. आणि जुन्या भट्टीच्या, फाउंड्रीच्या आसपास उचललेला असेल तर तो दगडच नसून धातुमळी, म्हणजे धातू वितळवताना उरलेली मळी, असू शकतो. तिच्यात गोल बुडबुड्यांची भोके दिसतात.

ठिकाणावरून निकाल द्यायचा नाही, फक्त कोणत्या संशयितांना आधी तपासायचे ते ठरवायचे. बाजारातून घेतलेल्या दगडाचे ठिकाण विक्रेता सांगेल ते ‘सांगितलेले ठिकाण’ अशीच नोंद करा.

सावध: बंद पडलेल्या खाणीत नमुन्यासाठी उतरू नका, आणि चालू खाणीच्या ढिगाऱ्यावरून परवानगीशिवाय काही उचलू नका.

टप्पा ३: विशिष्ट गुरुत्व मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हातात घेऊन ‘जड वाटतो’ म्हणणे पुरत नाही, कारण हेमॅटाइट, बॅराइट, पायराइट हेही नेहमीच्या दगडापेक्षा जडच वाटतात. आकडा काढा. पद्धत अशी:

१. नमुना कोरडा असताना वजन करा. हे झाले कोरडे वजन.
२. पेल्यात पाणी घ्या. नमुना पूर्ण बुडेल इतके, पण बाहेर सांडणार नाही इतके. पेला काट्यावर ठेवून काटा शून्य करा.
३. नमुना दोऱ्याने बांधा, दोऱ्याचे टोक वरती एखाद्या पट्टीला अडकवा आणि नमुना पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत सोडा. तो पेल्याच्या तळाला किंवा कडेला टेकता कामा नये.
४. काट्यावर आता जो आकडा येईल ते नमुन्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन.
५. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा.

समजा कोरडे वजन १८६ ग्रॅम आले आणि बुडवल्यावर काट्याने २४.८ दाखवले. भागाकार ७.५. हा जवळजवळ शुद्ध गॅलेनाचा आकडा आहे, आणि सर्वसाधारण चमकदार खनिजांमध्ये इथवर पोचणारे फार थोडे. हेमॅटाइट ५.३ च्या आत राहते, मॅग्नेटाइट ५.२, पायराइट ५, स्टिब्नाइट ४.६, स्फॅलेराइट ४ च्या आसपास, ग्रॅफाइट तर २.२. धातुरूप शिसे मात्र ११.३ दाखवेल, म्हणजे कुणी वितळवून ओतलेला शिशाचा गोळा दिला असेल तर तो इथेच उघडा पडतो.

तपासा: भागाकार १ च्या जवळ आला तर नमुना तळाला टेकला आहे आणि काटा त्याचे पूर्ण वजन दाखवतो आहे. आकडा दर वेळी थोडा बदलत असेल तर नमुन्याला हवेचे बुडबुडे चिकटले आहेत. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि नमुना हलकेच झटका.

आता नेहमीची चूक. एक ग्रॅमपर्यंतच मोजणारा काटा आणि सुपारीएवढा नमुना, अशी जोडी असली तर आकड्यावर विसंबू नका. ४० ग्रॅमचा शुद्ध गॅलेनाचा तुकडा साधारण ५.३ ग्रॅम पाणी सारतो. असा काटा ५ दाखवेल तेव्हा विशिष्ट गुरुत्व ८ येते, आणि ६ दाखवेल तेव्हा ६.७. दोन्ही चूक. नमुना १५० ग्रॅमच्या वर घ्या किंवा काटा बारीक घ्या.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. खाणीतला नमुना क्वचितच शुद्ध असतो. पांढऱ्या डोलोमाइटात करडे गॅलेना विखुरलेले असले की आकडा ७.५ येणारच नाही, आणि लोक लगेच ‘गॅलेना नाही’ म्हणून दगड फेकून देतात. इथे थोडे गणित करा. समजा कोरडे वजन १४७ ग्रॅम, सारलेले पाणी ३० ग्रॅम, म्हणजे विशिष्ट गुरुत्व ४.९ आणि घनफळ ३० घन सेंटिमीटर. डोलोमाइटाचे विशिष्ट गुरुत्व २.८५ धरा, गॅलेनाचे ७.५. ४.९ मधून २.८५ वजा केले की २.०५. त्याला ४.६५ ने, म्हणजे दोघांतल्या फरकाने भागा. ०.४४ आले. म्हणजे घनफळाचा ४४ टक्के भाग गॅलेनाचा. ३० चे ४४ टक्के म्हणजे १३.२ घन सेंटिमीटर, गुणिले ७.५, साधारण ९९ ग्रॅम गॅलेना. त्यात शिसे सुमारे ८६ ग्रॅम. हा हिशोब नमुन्यात फक्त दोनच खनिजे असतील तेव्हाच खरा. स्फॅलेराइट किंवा पायराइट मिसळलेले असेल तर तो कोलमडतो. तरी ‘४.९ आले म्हणजे गॅलेना नाही’ ही घाई त्याने टळते.

टप्पा ४: पाटन बघा, पण हातोडा बाजूला ठेवा

पाटन, म्हणजे क्लीव्हेज, बघायला दगड फोडायची गरज बहुतेक वेळा नसते. नमुना आधीच कुठे ना कुठे तुटलेला असतो. तुटलेला कोपरा भिंगाखाली धरा आणि दिव्याच्या प्रकाशात हळूहळू फिरवा.

गॅलेना असेल तर कोपऱ्यावर अगदी बारीक पायऱ्या दिसतील: सपाट पृष्ठ, काटकोनात खाली उतरणारी उभी कड, पुन्हा सपाट पृष्ठ. नमुना एका विशिष्ट कोनात आला की सगळी सपाट पृष्ठे एकाच क्षणी लखकन उजळतात आणि थोडा फिरवला की एकदम विझतात, कारण ती सगळी एकमेकांना समांतर आहेत. मग त्याच कोपऱ्यावर दुसरा संच उजळतो, मग तिसरा. तीन दिशा, तिन्ही काटकोनात. मीठही असेच फुटते. दोघांच्या स्फटिकांतली अणूंची मांडणी एकाच धर्तीची आहे.

इथे विद्यार्थी हमखास एक गल्लत करतात. स्फटिकाचा बाहेरचा आकार आणि पाटन या वेगळ्या गोष्टी आहेत. पायराइटचे स्फटिक बाहेरून सुबक घन असतात, पण फुटतात ते वेडेवाकडे, आणि त्यांच्या बाहेरच्या पृष्ठांवर बारीक समांतर रेघा असतात. उलट गॅलेनाचा स्फटिक बाहेरून अष्टफलकही असू शकतो आणि फुटला की आतून घनच निघतात. म्हणून तुटलेली बाजू बघा, स्फटिकाचा मूळ आकार नंतर.

आणखी दोन अपवाद ध्यानात ठेवा. खडकावर दाब येऊन गेला असेल तर गॅलेनाची पाटनपृष्ठे किंचित वाकलेली दिसतात, ते चालते. आणि अतिशय बारीक कणांचे गॅलेना पोलादाच्या ताज्या मोडीसारखे दिसते, त्यात भिंगानेही घन दिसत नाहीत. अशा नमुन्याला पाटनाच्या टप्प्यावर नापास करू नका. विशिष्ट गुरुत्व आणि कस यांवर जास्त भिस्त ठेवा आणि शेवटी प्रयोगशाळेत पाठवा.

एखादा ताजा तुकडा काढलाच पाहिजे अशी वेळ आली तर नमुना ओला करून एकात एक घातलेल्या दोन जाड पिशव्यांत ठेवा आणि बाहेरून पकडीने एक कोपरा दाबा. मोकळ्यावर हातोडा मारू नका, बारीक कण डोळ्यात आणि घरभर जातात.

टप्पा ५: कस

ओलसर कागदावर स्ट्रीक प्लेट ठेवा. नमुन्याचा स्वच्छ कोपरा एकदाच, बोटाच्या पेरापेक्षाही कमी लांब ओढा. जाड पट्टा ओढायची गरज नाही, तेवढी भुकटी कशाला करायची?

गॅलेनाचा कस शिशाच्या करड्या रंगाचा येतो, काळपटाकडे झुकणारा. लाल किंवा लालसर तपकिरी आला तर हेमॅटाइट. पिवळट ते तपकिरी आला तर स्फॅलेराइट. शिसे-जस्ताच्या धातुकात ही दोन्ही खनिजे शेजारी बसतात, म्हणून एकाच दगडावर दोन ठिकाणी दोन वेगळे कस येणे अगदी शक्य आहे. नमुन्याचा नेमका कोणता कण घासला याची नोंद ठेवा. काजळीसारखा काळा कस आणि बोटे काळी होत असतील तर मँगनीजचे पायरोल्युसाइट. पायराइटचा कस हिरवट काळा.

तपासा: प्लेट आधीच्या नमुन्याने मळलेली नाही ना? कॉलेजच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वापरलेल्या प्लेटवर हेमॅटाइटचा लाल डाग असतो, आणि तो गॅलेनाच्या कसात मिसळला की विद्यार्थी भलतेच उत्तर लिहून येतात. टाइल वापरत असाल तर मागची बाजूच घ्या, पुढच्या गुळगुळीत बाजूवर कस उमटत नाही.

सावध: उरलेली भुकटी फुंकरीने उडवू नका. ओल्या टिश्यूने पुसा आणि तो टिश्यू पिशवीत टाका.

टप्पा ६: कठिनता, तांब्याच्या तारेने

गॅलेनाची कठिनता मोहस् मापावर (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) साधारण २.५. बऱ्याच सूचनांत ‘तांब्याच्या नाण्याने ओरखडा काढा’ असे लिहिलेले असते, आणि वाचक खिशातले नाणे काढतात. आजची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत. ती कितीतरी कठीण खनिजांवरही ओरखडा काढतील आणि तुम्ही सगळ्यांनाच ‘मऊ’ ठरवाल. म्हणून वायरमनकडून तांब्याच्या जाड तारेचा तुकडा घ्या. तिने गॅलेनावर ओरखडा उठतो. नखाने उठला तर अगदी पुसट, बहुतेक वेळा नाहीच.

तार फिरवल्यावर नमुन्यावर तांब्याचीच लालसर रेघ उरत असेल आणि ओल्या टिश्यूने पुसली जात असेल, तर ओरखडा दगडावर नव्हे, तारेवर उठला आहे. मग तो दगड गॅलेना नाही. मँगनीजचे ब्राउनाइट आणि पायराइट इथेच वेगळे होतात. दोघांची कठिनता ६ च्या पुढे आहे, स्टीलचा खिळाही त्यांच्यापुढे हतबल होतो.

शेवटी लोहचुंबक लावा. गॅलेना चिकटत नाही. पण नमुना थोडासा ओढला गेला म्हणून लगेच निकाल देऊ नका, शेजारी पायऱ्होटाइट किंवा मॅग्नेटाइट या लोखंडाच्या चुंबकीय खनिजांचे कण असू शकतात.

टप्पा ७: आता राहिलेले सोंगाडे बाहेर काढा

वरच्या टप्प्यांत बहुतेक नकली उमेदवार गळतात. तरी तिघे जण शेवटपर्यंत त्रास देतात.

*स्टिब्नाइट.* अँटिमनीचे सल्फाइड. रंग आणि चमक गॅलेनासारखीच, कसही करडा. पण त्याचे स्फटिक लांब सुया किंवा पात्यांसारखे असतात, पाटन एकाच दिशेला उत्कृष्ट असते आणि विशिष्ट गुरुत्व ४.६ वर थांबते. नखाने सहज ओरखडा उठतो. पहिल्या दिवसापासून आकडा काढायची सवय असेल तर स्टिब्नाइट कधीच फसवत नाही.

*ग्रॅफाइट.* आगुचासारख्या ठिकाणच्या धातुकात हे खरे डोकेदुखीचे. ग्रॅफाइट शिस्टमध्ये, म्हणजे ग्रॅफाइट असलेल्या पापुद्र्यांच्या खडकात, बारीक गॅलेना विखुरलेले असते, दोन्ही करडे, दोन्ही चमकदार, दोन्हींचा कस करडा-काळा. बोटाला काळे लागते म्हणून कुणी सगळाच ग्रॅफाइट समजतो, वजन जास्त आहे म्हणून कुणी सगळेच गॅलेना समजतो. भिंगाखाली बघा: ग्रॅफाइटचे पापुद्रे बोटाला तेलकट लागतात आणि वाकतात, गॅलेनाचा कण ठिसूळ असतो आणि त्याला कोपरे असतात. सुईच्या टोकाने एकेक कण दाबून पाहा. पापुद्रा दबतो, घन फुटतो.

*मॉलिब्डेनाइट.* मॉलिब्डेनम धातूचे सल्फाइड. हेही पापुद्र्यांचे, लवचिक आणि ग्रॅफाइटसारखे मऊ. चिनी मातीवर त्याच्या कसात हिरवट छटा येते. विशिष्ट गुरुत्व ४.७ च्या आसपास.

आर्सेनोपायराइटचे विशिष्ट गुरुत्व ६ च्या वर जाते, म्हणून ते वजनाच्या टप्प्यात गोंधळ घालू शकते. पण ते खूप कठीण आहे, तांब्याच्या तारेने काहीच होत नाही, आणि त्यात काटकोनी पायऱ्या नाहीत.

चमक मी इतका वेळ बाजूला ठेवली आहे, आता तिचे काम. गॅलेनाची ताजी पाटनपृष्ठे आरशासारखी चमकतात, पण हवेत राहिली की मंद होतात. जुना गॅलेनाचा तुकडा निस्तेज करडा, कधी वरून पांढऱ्या पुडीने झाकलेलाही असतो. ही पांढरी पूड बहुधा सेरुसाइट किंवा अँगलेसाइट, म्हणजे शिशाचे कार्बोनेट किंवा सल्फेट. ती खरवडू नका. गॅलेनापेक्षा ती शरीरात जास्त सहज विरघळते, म्हणजे जास्त धोक्याची.

टप्पा ८: घरी अजिबात करायच्या नाहीत अशा चाचण्या

*ॲसिड.* हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकले की गॅलेनापासून हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो. हा कुजक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू आहे, आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घ्यायची ताकदच जाते. वास बंद झाला म्हणजे वायू संपला असे समजणारे त्यातच फसतात. शिवाय नमुन्यातल्या कॅल्साइटमुळे फेस आला की लोक तो गॅलेनाच्या खात्यात जमा करतात. म्हणजे धोका पत्करून मिळते काय, तर चुकीचे उत्तर.

*गॅसवर तापवणे.* गॅलेना तापवले की गंधक जळून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि शिशाच्या ऑक्साइडचा धूर होतो. कोळशावर फुंकनळीने शिशाचा मणी काढण्याची चाचणी अभ्यासक्रमात आहे. ती धूरशोषक कपाटातच, शिक्षकांच्या देखरेखीखाली करायची.

*जिभेला लावणे.* क्षेत्रभेटीत दगड चाटून बघायची सवय काही जणांना असते. करड्या चमकदार दगडाच्या बाबतीत ती सोडा.

टप्पा ९: पक्की खात्री आणि चांदीचा प्रश्न

तिन्ही खांब जुळले की अभ्यासासाठी गॅलेना म्हणायला हरकत नाही. शंका उरली असेल, किंवा पैशाचा व्यवहार असेल, तर कॉलेजच्या भूशास्त्र विभागातून एक्स-रे डिफ्रॅक्शन (स्फटिकातली अणूंची मांडणी ओळखणारी चाचणी) किंवा एक्सआरएफ (त्यातली मूलद्रव्ये ओळखणारी एक्स-रे चाचणी) करून घ्या. पॉलिश केलेल्या तुकड्याचा परावर्तित प्रकाशात अभ्यास करता आला तर गॅलेना पांढरे दिसते आणि त्यावर छोटे त्रिकोणी खड्डे दिसतात. तिन्ही पाटनांच्या छेदातून ते बनतात. बारीक कणांच्या नमुन्यात ही खूण फार उपयोगी पडते.

गॅलेनात चांदी असू शकते, ही गोष्ट खरी आहे. राजस्थानातल्या शिसे-जस्ताच्या धातुकातून उपउत्पादन म्हणून चांदी मिळते. पण नुसत्या डोळ्याने, भिंगाने, कसाने किंवा चमकेवरून चांदी आहे की नाही आणि किती आहे हे सांगता येत नाही. जास्त चमकतो म्हणून जास्त चांदी, असे काहीही नसते. त्यासाठी प्रयोगशाळेत रासायनिक विश्लेषण करावे लागते, आणि त्याचा निकाल टनामागे ग्रॅममध्ये येतो. रस्त्यावर, जत्रेत किंवा ऑनलाइन ‘चांदीचा दगड’ म्हणून कुणी गॅलेना गळ्यात मारत असेल तर विश्लेषणाचा कागद मागा. कागद नसेल तर तो शिशाचा दगड आहे असे समजून भाव करा.

टप्पा १०: सुरम्याचा खडा घरात असेल तर

हा मुद्दा मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो. अत्तराच्या दुकानात, दर्ग्याबाहेर, काही पंसाऱ्यांकडे सुरम्याचे करडे चमकदार खडे मिळतात. घरी खलात घोटून डोळ्यांत घालतात, बाळालाही. पारंपरिक सुरमा अँटिमनीचा असतो असे सांगितले जाते, पण तपासलेल्या सुरम्यांमध्ये अनेकदा गॅलेनाच निघालेले आहे.

असा खडा असेल तर टप्पा ३ आणि टप्पा ४ एवढेच करा. ७ च्या वर आकडा आणि काटकोनी पायऱ्या दिसल्या तर तो खडा खलात घालू नका. खडा फार लहान असेल आणि आकडा नीट निघत नसेल, तर शंकेचा फायदा दगडाला न देता बाळाला द्या. आधीच घोटलेली पूड घरच्या चाचणीने तपासता येत नाही. ती वापरणे थांबवा, आणि बाळाच्या डोळ्यांत ती काही काळ घातली गेली असेल तर बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्या. आजी रागावतील, त्यांना समजावून सांगा. त्यांच्या मायेत खोट नाही, खड्यात आहे.

याच ओघात आणखी एक: ‘ऊर्जेचा दगड’ म्हणून गॅलेना विकले जाते आणि ते रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी ते पाणी प्यायचा सल्ला दिला जातो. हे करू नका. मत्स्यपेटीतही ठेवू नका.

टप्पा ११: साफसफाई, नोंद, साठवण

पितळेची भांडी चिंच-लिंबाने उजळतात, म्हणून दगडही तसाच उजळायला जाणारे भेटतात. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांपैकी काहीही लावू नका. आंबट द्रवात शिशाची पांढरी पूड विरघळते आणि ते विषारी पाणी मोरीत जाते. नमुना फार मळला असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ ब्रशने पाण्याखालीच घासा, टिश्यूने टिपा, सावलीत वाळू द्या.

चिठ्ठीवर खनिजाचे नाव, ठिकाण, मिळाल्याची तारीख, मोजलेले विशिष्ट गुरुत्व आणि सोबतची खनिजे लिहा. मोठ्या अक्षरात ‘शिसे आहे, हात धुवा’ असेही लिहा. तुमच्यानंतर हा डबा कोण उघडेल सांगता येत नाही. झाकणाच्या डबीत, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात हे विसरू नका. नमुन्यात पायराइट असेल तर दमट हवेत ते सडते, त्यातून ॲसिड तयार होते आणि शेजारच्या गॅलेनावर पांढरा थर चढतो.

स्फटिक-रेडिओचा (बॅटरीशिवाय चालणाऱ्या साध्या रेडिओचा) छंद असणाऱ्यांना गॅलेनाचा तुकडा डिटेक्टर, म्हणजे रेडिओलहरी टिपणारा भाग, म्हणून लागतो. जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली मिळालेल्या अमेरिकन पेटंटमध्ये गॅलेनाचा असाच वापर आहे. त्यासाठी ताजे, न मळलेले पाटनपृष्ठ निवडा, त्यावर बोट टेकवू नका, आणि बारीक तारेचे टोक हलके टेकवत संवेदनशील जागा शोधा. तुकडा छोट्या पितळी वाटीत पक्का बसवा, म्हणजे पुन्हा पुन्हा हाताळावा लागत नाही. बाकी गॅलेनाचा मोठा उपयोग कारखान्यातच होतो. त्यातून काढलेले शिसे मुख्यतः गाड्यांच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत जाते, थोडे एक्स-रे खोल्यांच्या भिंतींत.

काम संपल्यावर ओलसर वर्तमानपत्र आतल्या बाजूला दुमडत गुंडाळा, टिश्यू आणि हातमोजे त्यातच घालून पिशवी बांधा. टेबल आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा. झाडू मारू नका, घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही लावू नका, दोन्हीने भुकटी हवेत उडते. कामाचे कपडे वेगळे धुवा, आणि हात साबणाने घासून, नखांच्या खालचा भाग ब्रशने साफ करून मगच पाण्याच्या भांड्याला हात लावा. नको असलेला नमुना बागेत, कुंडीत किंवा ओढ्यात टाकू नका. जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला चिठ्ठीसकट देऊन टाका.